हे माझं का ऑर्डरचं?

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की माझे मेसेज वाढतात. ताई, बाळासाठी दुपटं हवंय, आजीच्या साडीचं करून द्याल का. या आठवड्यात तर सुई खाली ठेवायला वेळ नाही, आणि काल रात्री माझी लेक चिऊ शेजारी येऊन उभी राहिली, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे माझं का ऑर्डरचं?" ऑर्डरचं म्हटल्यावर बोट काढून घेतलं आणि मुकाट झोपायला गेली.

हट्ट केला असता, रडली असती तर जवळ घेतलं असतं. जी काही मागतच नाही तिची समजूत कशी घालायची?

मुळात हे सगळं सुरू झालं तिच्यामुळे. तिच्या वेळी आजीच्या सुती नऊवारीचं शिवलं, ते बघून मावशींच्या सुनेने मागितलं, मग तिच्या मैत्रिणीने. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच लागतं, सिंथेटिक कोणी दिली तर मी सरळ परत करते, बाळाला घाम येतो त्यात. साडेपाच मीटरच्या साडीचे मीटर-मीटरचे पाच थर, विरलेले आत, चांगले वर, मग कच्चे टाके घालून कडेपासून धावदोरा चौकोनात आत आत न्यायचा. मध्येच कापड ओढलं गेलं की चुणी पडते आणि ती उसवल्याशिवाय जात नाही.

एवढं करून याला काम कोण म्हणतं? प्रदर्शनात एक बाई तोंडावर म्हणाल्या, कापड आमचंच, तुम्ही घरीच असता, मग एवढे पैसे कसले? यांचं तर... जाऊ दे. शाळेची रिक्षा यायच्या आत एक बाजू, रात्री भांडी आवरून दुसरी, पाठ भरून येते, अंगुस्तान घालूनही सुई लागते, आणि जिच्यासाठी पहिला टाका घातला तिनेच विचारावं, हे माझं का? खूप रडले काल.

सकाळी डबा भरताना मात्र वाटलं, तिने विचारलं तरी. बाबांच्या लॅपटॉपला हात लावायच्या आधी विचारते तसंच. आई करते ते काम आहे हे घरात सगळ्यांच्या आधी तिला कळलंय. तिला वाईटही वाटलं असणार, ते काही यामुळे पुसलं जात नाही. दोन्ही खरंच आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, कधीची राहिलीये, ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधारवर होते, तरी मीच ढकलत होते. त्यात धंद्याचं नाव भरायचं असतं, ते आता चिऊलाच ठरवायला सांगणार.

शुक्रवारची ऑर्डर शुक्रवारीच जाणार, शब्द दिलाय. त्यानंतरचं तिचं. मेनरोडवरून दोरा आणायलाही तिलाच नेते, रंग तिनेच निवडायचा. मीटरभरात ती आता मावत नाही, दोन साड्या लागतील. आईला फोन केला, कपाटात सुती निघतील म्हणाली.