आमची वाटचाल : टायपिंग क्लासपासून ऑनलाइन विद्यार्थ्यांपर्यंत

दांडिया बाजारातली ही जागा मूळची सासऱ्यांच्या टायपिंग-शॉर्टहँड क्लासची. कॉम्प्युटर आले तसा क्लास ओसरला. मग झेरॉक्स, युनिव्हर्सिटीतल्या मुलांचे प्रबंध टाइप करणं, स्पायरल बाइंडिंग. इथवरची गोष्ट बडोद्यातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याची आहे, म्हणून लांबवत नाही.

२०२० नंतर गिऱ्हाईक बदललं. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करून पदवी घेणारी मुलं, लग्नात सुटलेलं बी.ए. पुरं करायला निघालेल्या बायका, घरून एम.कॉम. करणारे. फोनमध्ये सगळं होतं: पीडीएफ, व्हिडिओ, टेलिग्रामचे ढीगभर ग्रुप. तरी प्रिंट काढायला आले की हळूच विचारायचे, "ताई, यातलं नेमकं वाचायचं काय?" साहित्याला तोटा नव्हता. कुठलं घ्यायचं आणि कधी, हे सांगणारं कुणी नव्हतं. आमचा नवा धंदा तिथून सुरू झाला.

इग्नूचंच, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचंच घ्या. त्यांचं अभ्याससाहित्य त्यांच्या ईज्ञानकोश या साइटवर फुकट मिळतं, पण प्रत्येक युनिटची फाइल वेगळी. फोनवर त्या उघडता-उघडता माणूस थकतो. आम्ही विषयाच्या फाइली क्रमाने जोडून, पाठपोट छापून बाइंड करून देतो. त्याहून जास्त खप होतो तो एका साध्या पानाचा. त्यावर त्या विद्यार्थ्याच्या तारखा असतात: असाइनमेंट कधी द्यायची, परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, परीक्षा जूनला की डिसेंबरला. तारीख पुढे ढकलली की माझा भाचा फोन करून कळवतो. बहुतेक अभ्यासक्रमांत तीस टक्के गुण असाइनमेंटचे. पेपर उत्तम लिहूनही त्या दिल्या नाहीत म्हणून निकाल अडकलेले लोक आमच्याकडे येतात, आणि नवल म्हणजे त्यांत हुशार मुलं जास्त.

एनपीटेलचं वेगळं. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेला हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम. त्याचे कोर्स आता सरकारच्या 'स्वयं' या पोर्टलवर दिसतात. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्र हवं तरच परीक्षेची फी. व्हिडिओ पाहिले की झालं, अशी पुष्कळांची समजूत. प्रत्यक्षात पंचवीस गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि पंच्याहत्तर केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. पंचवीसपैकी दहा आणि पंच्याहत्तरपैकी तीस, दोन्ही मिळावे लागतात. बऱ्याच व्याख्यानांचा मजकूर गुजराती-मराठीतही उतरवलेला आहे. इंग्रजी उच्चार न कळून कोर्स सोडायला निघालेल्यांच्या हातात आम्ही आधी तो देतो.

असाइनमेंट आम्ही लिहून देत नाही. बाजारात त्याचा दर ठरलेला आहे, आणि नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. जाऊ दे. प्रश्न समजावून देऊ, कुठल्या युनिटात उत्तर आहे ते दाखवू, लिहायचं त्यानेच.

मधे एक एजंट आला होता. बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाचं 'सेंटर' घ्या, प्रत्येक प्रवेशामागे कमिशन. कमिशन चांगलं होतं, खोटं कशाला बोलू! पण दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांत अशी फ्रँचायझी यूजीसीला, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाला, चालतच नाही. आता प्रवेशाआधी कुणी विचारायला आलं, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) साइटवर ते विद्यापीठ, तो अभ्यासक्रम आणि ते सत्र मान्य आहे का, हे त्यांच्यासमोर उघडून दाखवतो. याचे पैसे घेत नाही. "मुलाला ऑनलाइन इंजिनिअरिंगची डिग्री करायचीय" म्हणणाऱ्या काकांना खाली बसवून चहा द्यावा लागतो. इंजिनिअरिंग, नर्सिंग, वकिली यांच्या पदव्या या मार्गाने मिळत नाहीत, हे ऐकल्यावर ते आधी आमच्यावरच चिडतात.

संदर्भग्रंथ लागले तर सरळ मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पाठवतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून इथली ग्रंथालयं उभी केली, तेव्हा खेड्यांकडे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. पादरा तालुक्यातून येणाऱ्या मुलींना आम्ही पेन ड्राइव्ह भरून देतो, तेव्हा भाचा त्याला 'पेटी' म्हणतो. गावात नेट रडतं, त्यामुळे ही पेटी अजून उपयोगाची आहे.

मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे. रविवारी तिथे एकाच विषयाचे तीन-चार जण बसवतो. रावपुऱ्यातल्या साठीच्या एक मावशी इतिहासात एम.ए. करताहेत, त्यांना फोनवर फॉर्म भरता येत नाही, आणि शेजारच्या पटेलांच्या मुलाला चार ओळी सलग लिहिता येत नाहीत. दोघांचं छान जमलंय, एक मराठीत बोलतं, एक गुजरातीत.

हिशेबाचं सांगायचं तर जागेचं भाडं आजही झेरॉक्स आणि बाइंडिंगमधूनच निघतं. मदतीच्या फीतून भाच्याचा पगार होतो, थोडं उरतं. जुलैच्या प्रवेशांपासून मागची खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवणार आहोत. जनरल शिफ्ट सुटून, जेवून येणाऱ्यांना लवकर यायला जमत नाही.