फोटो टिकवण्याचा व्यवसाय: आमची वाटचाल

वडिलांनी आमचा स्टुडिओ सुरू केला तो पासपोर्ट फोटो आणि रोल धुण्याच्या कामावर. आज आमच्याकडे येणारं बहुतेक काम जुने फोटो आणि निगेटिव्ह स्कॅन करण्याचं, खराब झालेले फोटो दुरुस्त करण्याचं आणि टिकाऊ प्रिंट काढून देण्याचं आहे. मधल्या काळात यंत्रं बदलली, रसायनं गेली, संगणक आले. तरी मला विचाराल तर आमचं मूळ काम तेच राहिलं आहे. फोटो काढणं हे अर्धं काम. तो टिकवणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच अवघड.

फोटोग्राफीच्या इतिहासातही हीच अडचण सुरुवातीपासून दिसते. टॉमस वेजवूड आणि हम्फ्री डेव्ही यांनी १८०२ साली आपल्या प्रयोगांची हकीकत प्रसिद्ध केली. चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर आणि चामड्यावर प्रकाशाने आकृत्या उमटत होत्या, पण उमटायच्या थांबत नव्हत्या. उजेडात आणलं की हळूहळू सगळंच काळं पडायचं. त्यामुळे त्या अंधारात ठेवायच्या आणि मिणमिणत्या उजेडात बघायच्या. म्हणजे चित्र मिळालं होतं, पण ते ठेवून घेता येत नव्हतं. पुढे १८२६-२७च्या सुमारास फ्रान्समध्ये निसेफोर नीएप्स यांनी खिडकीतून दिसणारं दृश्य धातूच्या पत्र्यावर, डांबराच्या जातीच्या पदार्थाचा लेप देऊन टिपलं. तो पत्रा आजही शाबूत आहे.

१८३९ हे फोटोग्राफीचं जन्मवर्ष मानतात, कारण त्या वर्षी लुई दागेर यांचं धातूच्या पत्र्यावर फोटो काढायचं तंत्र पॅरिसमध्ये जगासमोर आलं. माझ्या लेखी मात्र त्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांची आहे. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट हे रसायन, चांदीचे क्षार विरघळवतो हे त्यांनी १८१९ सालीच शोधलं होतं. वीस वर्षांनी ते ज्ञान फोटोच्या कामी आलं. प्रकाश न लागलेला क्षार हायपोने धुऊन काढला की चित्र उजेडात ठेवता येऊ लागलं. मग १८४१मध्ये इंग्लंडच्या टॅल्बट यांनी कागदी निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि एका निगेटिव्हवरून हवे तितके फोटो काढायची वाट मोकळी झाली. आमच्यासारख्यांचा व्यवसाय उभा आहे तो या दोघांच्या कामावर.

बाबांच्या डार्करूममध्ये हायपोचा डबा कोपऱ्यात असे आणि त्याचा वास कपड्यांतून जात नसे. चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते उमटणं थांबवणारा स्टॉप बाथ आणि हायपोचा फिक्सर अशा तीन ट्रेंमधून प्रिंट बाहेर आला की बघणाऱ्याला वाटायचं, झाला फोटो. बाबांचं काम खरं तिथून सुरू व्हायचं. जाड ब्रोमाइड पेपर, म्हणजे चांदीच्या क्षाराचा थर असलेला फोटोचा कागद, हायपो शोषून घेतो. तो पूर्ण निघाला नाही तर काही वर्षांनी फोटोवर पिवळट-तपकिरी डाग पडतात. म्हणून प्रिंट वाहत्या पाण्यात तासभर ठेवायचे, आणि नुसते ठेवून चालत नाही. ओले प्रिंट एकमेकांना चिकटतात, मधल्यांपर्यंत पाणी पोचत नाही. त्यामुळे खालचा वर, वरचा खाली असं हाताने फिरवत राहायचं. शेवटी बाबा पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या जांभळ्या पाण्यात प्रिंटवरून निथळणारे थेंब पाडायचे. जांभळा रंग उडाला की हायपो अजून शिल्लक आहे. सगळे प्रिंट पुन्हा पाण्यात, मग बाहेर गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

त्या काळातले आमच्या स्टुडिओचे फोटो आता दुरुस्तीला येतात ते फाटलेले, कोपरे दुमडलेले, कसर लागलेले असतात. डाग पडलेला क्वचितच. तेव्हा बाबांची आठवण होते आणि अभिमानही वाटतो.

रंगीत फोटोंचा काळ आमच्यासाठी भरभराटीचा होता. मिनीलॅब, म्हणजे दुकानातच रोल धुऊन प्रिंट काढणारं यंत्र, आली आणि तासाभरात फोटो देता येऊ लागले. पण रंगीत प्रिंटमध्ये चांदी उरत नाही, रंगद्रव्यं उरतात, आणि ती अंधारातही फिकी होतात. जुन्या अल्बममधले लोक लालसर का दिसतात असं गिऱ्हाईक विचारतात. त्याचं कारण हे की त्या कागदांमधला निळसर रंग आधी जातो आणि लाल मागे राहतो. स्कॅन केल्यावर प्रत्येक रंग वेगळा घेऊन हा तोल बराचसा परत आणता येतो. पहिल्यांदा हे जमलं त्या दिवशी आम्ही सगळे पडद्यासमोरून हललो नव्हतो.

डिजिटल कॅमेऱ्याची सुरुवात फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीमध्येच झाली हे मला फार विचार करायला लावतं. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली तिथे बनवलेला कॅमेरा शंभर बाय शंभर पिक्सेलचं कृष्णधवल चित्र घ्यायचा, आणि ते कॅसेटच्या टेपवर साठवायला २३ सेकंद लागायचे. जानेवारी २०१२मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. आमच्यापर्यंत ही लाट आली ती मिनीलॅबच्या रसायनांतून. त्या यंत्रातली रसायनं रोज ठराविक काम झालं तरच नीट राहतात. रोल कमी झाले की डेव्हलपर नुसता पडून खराब होतो आणि रंग बिघडतात. बिघडलेले रंग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे नव्हते, म्हणून आम्ही यंत्र विकलं आणि ते पैसे चांगल्या स्कॅनरमध्ये घातले.

डिजिटलबद्दल माझी तक्रार नाही. बाबा दुरुस्ती करायचे ती ब्रश आणि पेन्सिलने, प्रत्यक्ष फोटोवर. आता मूळ फोटोला आम्ही हातही लावत नाही, सगळं काम स्कॅनवर होतं. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढला तर चेहराच काचेवर राहतो, म्हणून तो काचेसकट, चमक येणार नाही असा प्रकाश लावून टिपतो. शिवाय फाइलची प्रत मूळ फाइलइतकीच अस्सल असते. ही सोय निगेटिव्हलाही नव्हती.

पण फाइल हळूहळू फिकी होत नाही. ती असते, किंवा एके दिवशी नसते. एक ताई आईचा फोटो मोठा करून घ्यायला आल्या. मूळ फोन हरवलेला, हाती होता तो कुणीतरी मेसेजवर पाठवलेला, लांबीला १६०० पिक्सेलचा. चांगल्या प्रतीचा प्रिंट त्यातून पाचेक इंचांचा निघतो. त्यांनीच सोबत आईच्या तरुणपणीच्या निगेटिव्हची पट्टी आणली होती. ३५ एमएमची निगेटिव्ह ४००० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४००० ठिपके घेऊन, स्कॅन केली की दोन कोटींच्या वर पिक्सेल मिळतात. भिंतीवर लावायला त्यांनी शेवटी तोच फोटो निवडला.

तेव्हापासून प्रत्येक कामासोबत आम्ही टिफ फाइल (चित्राचा दर्जा न घटवता साठवणारी) देतो, ती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायला सांगतो, त्यातली एक दुसऱ्या घरी. महत्त्वाचे पाच-सहा फोटो तरी लवकर न उडणाऱ्या पिगमेंट शाईने चांगल्या कागदावर छापून घ्या, असा आग्रह धरतो. घरातल्या मोठ्या माणसांना सोबत आणायलाही सांगतो. फोटोत कोण आहे हे तेच सांगू शकतात. ती नावं आम्ही फाइलमध्ये नोंदवतो आणि ब्रोमाइड प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने लिहितो. पेनची शाई पुढे झिरपते.

अलीकडे तरुण मुलंमुली पुन्हा फिल्म घेऊन येऊ लागली आहेत. कृष्णधवल रोल आम्ही परत स्वतः धुतो, त्यासाठी जुनी डार्करूम उघडली. मुलांचा उत्साह बघून बरं वाटतं, पण स्कॅन फोनवर मिळाले की निगेटिव्ह न्यायला कुणी फिरकत नाही. पाकिटांचा ढीग साठत चालला होता. आता नियम केला आहे: आधी निगेटिव्ह हातात घ्या, मग स्कॅनची लिंक. सुरुवातीला कुरबुर झाली, पण आता बरीच मुलं निगेटिव्हच्या स्लीव्ह, म्हणजे पारदर्शक पाकिटं, लावायची फाइल स्वतःच मागून घेतात.