वगळायचा की ठेवायचा?

यादीत नवा तारा घालायला एक चांगला वर्णपट पुरतो. यादीतला तारा काढायला किती पुरावा लागतो, हे मात्र मे महिन्यातल्या त्या रात्रीपासून माझं ठरत नाहीये.

सहजीवी ताऱ्यांची सूची तपासणं हे माझं काम. सहजीवी म्हणजे अशी जोडी, जिच्यातला तांबडा राक्षसी तारा आपला वायू ढाळत असतो आणि जवळचा साथीदार, बहुधा श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा), तो ओढून घेत असतो. त्यामुळे एकाच वर्णपटात दोन न जुळणाऱ्या खुणा दिसतात: तीन हजार अंशांच्या थंड ताऱ्याचे टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे, आणि लाखभर अंशांच्या कुणाची तरी चाहूल देणाऱ्या हेलियमच्या रेषा. १९३२ साली मेरिल आणि ह्यूमसन यांनी असे तीन तारे एकत्र नोंदवले. २००० सालच्या सूचीत १८८ पक्के आणि ३० संशयित होते, २०१९च्या गणनेत ३२३. आपल्या आकाशगंगेत असे तारे एकूण किती असतील, याचे अंदाज मात्र तीन हजारांपासून चार लाखांपर्यंत जातात.

आमचा दिवस बराचसा कारकुनीत जातो. जुन्या लेखात स्थान १९५०च्या निर्देशांकांत, नव्यात २०००च्या. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो, त्या संपातचलनामुळे या पन्नास वर्षांत पूर्ण चंद्राच्या व्यासाहूनही मोठा फरक पडतो. धनु राशीच्या गर्दीत तेवढ्या जागेत हजारो तारे असतात. रूपांतर चुकलं, की शेजाऱ्याच्या नावावर याची जन्मपत्रिका.

हा ताराही धनु राशीतलाच, आणि तीन सूचींत ‘पक्का’. मी उलट शोधत गेले. तिसरीने दुसरीवरून घेतलं होतं, दुसरीने पहिलीवरून, आणि पहिलीचा सगळा आधार प्रिझम लावून घेतलेली एकच फोटोप्लेट. शेरा एवढाच: एम प्रकारचा (म्हणजे थंड, तांबडा) तारा, हायड्रोजनच्या ठळक रेषा. मधल्या कोणीही तो पुन्हा पाहिला नव्हता. मला याचा मनापासून राग येतो. नवा तारा सापडला की शोधनिबंध होतो, जुना तपासला तर कोणी विचारतही नाही, म्हणून तपासायची तसदी कोणी घेत नाही.

दुर्बीण लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटरवर, आणि आम्ही बेंगळुरूजवळ होसकोटेला पडद्यासमोर. तारा दक्षिणेला खाली, त्यामुळे निळा प्रकाश हवेतच बराच गळतो. नकाशाशी ताडून पाहिलं, तारा तोच होता. तांबड्या बाजूचा वर्णपट उमटला आणि माझी विद्यार्थिनी खुर्चीवरून उठलीच. “ताई, एच-अल्फा आहे! आणि ६८२५लापण काहीतरी वर आलंय!”

एच-अल्फा म्हणजे हायड्रोजनची तांबडी रेषा. आणि ६८२५ अँग्स्ट्रॉम तरंगलांबीची ही दुसरी रेषा माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट आहे. पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन १०३२ अँग्स्ट्रॉमचा अतिनील किरण सोडतो. तो राक्षसी ताऱ्याभोवतीच्या थंड हायड्रोजनवर आदळतो, बरीचशी ऊर्जा तिथेच ठेवतो आणि तांबडा होऊन बाहेर पडतो. अतितप्त साथीदार आणि दाट थंड वायू इतके शेजारीशेजारी असल्याशिवाय हे घडत नाही. ही रेषा कोणाची हे बराच काळ कळत नव्हतं, १९८९ मध्ये हान्स मार्टिन श्मिड यांनी ते उलगडलं. सहजीवी ताऱ्यांपैकी साधारण निम्म्यांतच ती दिसते, पण दिसली की निकाल लागला.

पण तिथेच टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे आहेत आणि जरा पुढे, ६८६७ला, आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनची दरी सुरू होते. दोन खड्ड्यांमधली सपाट जमीनही टेकडीसारखी दिसते. त्याच उपप्रकारच्या एका साध्या राक्षसी ताऱ्याचा वर्णपट मी वर ठेवला. टेकडी तीच, उंची तीच. मग निळी बाजू घेतली. हेलियमची ४६८६ नाही, ऑक्सिजनची ५००७ नाही. हायड्रोजनच्या रेषा होत्या, पण त्यांतली एच-डेल्टा एच-बीटाहून उंच, एरवी असतं त्याच्या उलट! ही तर मीरा प्रकारच्या, म्हणजे फुगत-आकसत उजळणाऱ्या आणि मंदावणाऱ्या एकट्या राक्षसी ताऱ्याचीही सही. त्याच्या स्पंदनातून आघात-लहरी उठतात, त्या हायड्रोजनला खोलवर पेटवतात, आणि वरचा टायटॅनियम ऑक्साइड अल्फा-बीटा बऱ्याचशा गिळून डेल्टा तेवढी उंच सोडतो. सहजीवी जोड्यांतले मीरा बहुतेक धुळीने वेढलेले असतात. याच्या अवरक्त रंगांत धुळीची खूण नव्हती.

मी शेऱ्याच्या रकान्यात ‘वगळावा’ लिहिलं. रात्रीचे तीन वाजले होते. आणि एसयू लिन्सिस आठवला.

तो तारा वर्षानुवर्षं साधा तांबडा राक्षसी म्हणून नोंदलेला होता. त्याच्याकडून कठीण क्ष-किरण येताना दिसले, म्हणून लोकांनी निरखून पाहिलं. २०१६ साली तो सहजीवी असल्याचं मांडलं गेलं, आणि पुढे आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने त्याच्या रेषा प्रत्यक्ष टिपल्या. तिथला श्वेत बटू वायू ओढतो, पण त्याच्या पृष्ठावर हायड्रोजन सतत जळत नाही, म्हणून दृश्य प्रकाशात रेषा अगदी फिकट. माझ्या त्या रात्रीच्या कसोटीवर मी एसयू लिन्सिसलाही वगळलं असतं. १८६६ आणि १९४६ मध्ये भडकलेला टी कोरोनी बोरिअ‍ॅलिस हा सहजीवी ताराही शांत काळात असाच जवळजवळ साधा दिसतो. म्हणजे आमची सूची मोठ्याने बोलणाऱ्यांचीच झाली आहे, आणि तीन हजार ते चार लाख या दरीचं एक कारण मला इथेच दिसतं.

सकाळी सरांना दाखवलं. ते म्हणाले, “पुरावा नाही तर काढून टाक. सूची म्हणजे शंकांचं गोदाम नाही.” त्यांचं बरोबर आहे. ज्या प्लेटवर तो आत आला, ती आता त्याच्या बाजूने काहीच सांगत नाही. पण काढला, की त्याच्याकडे क्ष-किरणांत किंवा अतिनीलमध्ये कोणी वळणार नाही, हेही मला माहीत आहे. आमच्याकडे वेळ मागताना पहिला प्रश्न हाच असतो: हा सूचीत आहे का?

‘पक्का’ मी खोडलंय. त्याजागी लिहिलंय: ‘मीरा, दृश्य रेषांचा आधार नाही, अतिनील तपासणी बाकी’. सर अजून राजी नाहीत. मीरा मंद झाला, की निळा साथीदार असलाच तर तेव्हाच डोकावेल, आणि वायू ओढताना त्याचा प्रकाश मिनिटामिनिटाला थरथरेल. तेवढ्यासाठी निळ्या गाळणीतून सलग दोन तास हवेत, म्हणून अर्ज केला आहे. याचा मंद काळ डिसेंबरात येतो आणि तेव्हा धनु सूर्यामागे असते. पुढच्या खेपेला तो सोयीच्या महिन्यात कधी येईल, याचं गणित विद्यार्थिनी करते आहे. तिने ती ओळ पिवळी करून ठेवली आहे.