बेचाळीस नंबरची तार

२०१९च्या पुरात कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या घरात कमरेएवढं पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर गाद्या, धान्य, कपाटं सगळं रस्त्यावर आलं आणि थोरल्या काकांच्या पलंगाखालून त्यांची इलेक्ट्रिक गिटार निघाली. पेटीत दोन बोटं गाळ. काका म्हणाले, "टाक भंगारात." मी टाकली नाही. धुतली, सावलीत वाळवली, माळ्यावर ठेवली आणि विसरलो.

काका सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचे. लग्नं, गणपतीची स्टेजं, दोन-तीनदा केशवराव भोसले नाट्यगृह. गिटार मुंबईहून सेकंडहँड आणलेली. नावाची पट्टी कधीच पडलेली, मागच्या पत्र्यावर 'मेड इन जपान' एवढंच कोरलेलं. १९६०च्या दशकात तेइस्को, गुयातोन अशा जपानी कंपन्यांच्या गिटारी जगभर गेल्या, त्याच पिढीतली ही. २०२४च्या ऑगस्टमध्ये नाट्यगृह जळालं. त्या रात्री काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढलो.

बॉडी भरीव लाकडाची, ती टिकली होती. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, मात्र पिळवटून पळीसारखी वाकडी झालेली, वर वाळवी. तारांचा आवाज उचलणाऱ्या दोन पिकअपपैकी एक फुगून फुटलेलं, दुसऱ्याचं चुंबक ठीक, पण मीटर लावला तर काहीच नाही. आतली तार गंजून तुटलेली.

नेकच्या ऑनलाइन किमती पाहून मोबाइल बंद केला. गंगावेशीतल्या एका बेंजो पार्टीच्या खोलीत काम झालं. मिरवणुकीतला बेंजो म्हणजे पिकअप बसवलेलं बुलबुलतरंगच, त्यामुळे त्यांच्याकडे चुंबक, तारा, जॅक असलं सगळं पडलेलं असतं. कोपऱ्यात डोकं तुटलेली एक गिटार होती. आठशे रुपयांत नेक, सहा खुंट्या आणि ब्रिज (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो) असा सौदा ठरला. एक खुंटी फिरतच नाही, हे घरी आल्यावर कळलं.

तुटलेलं डोकं आधी कुणीतरी पांढऱ्या गमने चिकटवलं होतं. तारांचा ताण चोवीस तास ओढतो आणि पांढरा गम हळूहळू सरकतो. वाफ देऊन तो जोड सोडवला आणि सरस लावला. रात्रभर भिजवलेला सरस गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवायचा, उकळू द्यायचा नाही. वास असा की आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. क्लँप नव्हता, म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या.

खरी गोची पुढे होती. जुन्या नेकच्या मापाने ब्रिज नटपासून, म्हणजे डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून, ६४८ मिलिमीटरवर होता. नव्या नेकवर नटपासून बारावी फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांतली बारावी) ३१४वर. बारावी फ्रेट बरोबर मध्यावर येते, म्हणजे तारेची लांबी ६२८ हवी. ब्रिज जुन्या भोकांवरच बसवला असता तर मोकळी तार सुरात लागली असती आणि वर प्रत्येक स्वर बेसूर. वीस मिलिमीटर पुढे नवी भोकं पाडली, जुन्या भोकांत सरस लावून बांबूच्या काड्या ठोकल्या. पाहणाऱ्याला अजून दिसतात. दिसू देत.

मग पिकअप. ते गुंडाळून घ्यायला शिवाजी उद्यमनगरातल्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो.

"कसली मोटर म्हणायची ही?"

"मोटर नाही, गिटारचं पिकअप आहे."

"फिरत न्हाई?"

"नाही."

"मग करतंय काय?"

मी सांगितलं: चुंबकावर पोलादी तार थरथरते, त्याने चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत बारीकशी वीज तयार होते. तो हसला. "म्हंजे डायनामोच की, सायकलचा!" गिटारवर मी पन्नास व्हिडिओ पाहिले असतील, इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मी ४२ नंबरची तार सांगितली, कारण सगळीकडे तेच लिहिलेलं. त्याने दोन दिवसांत गुंडाळून दिलं, दिसायला देखणं. घरी मीटर लावला. सहा हजार ओहमच्या आसपास हवं होतं, हजारसुद्धा भरेना. तडक परत गेलो.

"बेचाळीसच म्हणालासा न्हवं?" त्याने मायक्रोमीटर काढून तारेला लावला. ०.१० मिलिमीटर. माझ्या मोबाइलवरच्या तक्त्यात ४२ म्हणजे ०.०६३. दोघंही बरोबर होतो. तक्ता अमेरिकन गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीच्या तिकडच्या नंबरांचा, आणि आपल्याकडच्या वाइंडिंगच्या दुकानांत चालतं ते ब्रिटिश गेज. अमेरिकेचा बेचाळीस म्हणजे जवळजवळ आपला सेहेचाळीस. जाड तारेने बॉबिन निम्म्याहून कमी वेढ्यांतच भरलं होतं. जुन्या रिलेच्या कामातलं सेहेचाळीसचं पाव रीळ त्याच्याकडे निघालं, पण मशीनवर चढवलं की तार तुटायची. केसाएवढी तार, पंपाच्या मोटारी गुंडाळणाऱ्या मशीनला ती कशी झेपणार? शेवटी त्याने रीळ माझ्या हातात ठेवलं. "तुमीच बगा आता. पैसं नगं त्येचं."

आईचं शिलाई मशीन कामाला आलं. बॉबिन भरायच्या चाकावर लाकडाचा तुकडा बसवून त्यावर पिकअपचं बॉबिन चिकटवलं. वेढे मोजायला कॅल्क्युलेटर. त्याच्या 'बरोबर'च्या बटणाखालून दोन वायरी काढून रीड स्विचला जोडल्या आणि चाकावर छोटं चुंबक लावलं. १ + १ दाबायचं, मग प्रत्येक फेरीला चुंबक स्विचपाशी आलं की आकडा एकाने वाढतो. चाक जोरात फिरवलं की कॅल्क्युलेटर आकडे गाळतो, म्हणून हातानेच, सावकाश. तार दोन बोटांत धरायची, ओढायची नाही, नुसती सोबत करायची. पहिल्यांदा २३०० वेढ्यांवर तुटली. दुसऱ्यांदा ६१०० झाले होते आणि लाईट गेली. अंधारात माझा हात लागला. त्या रात्री मी जे बोललो ते आईने ऐकलं नसावं अशी आशा आहे. तिसऱ्या वेळी ७००० पूर्ण झाले. मीटरवर ५.८ किलोओहम. मेणबत्त्या वितळवून त्यात पिकअप बुडवलं, म्हणजे वेढे आत हलून शिट्टी घालत नाहीत.

तारा चढवल्या तर सातव्या फ्रेटच्या आसपास खरखर. इथे कुणाला दाखवणार? पॅसेंजर पकडून मिरजेला गेलो. तिथे शिकलगारांच्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या सतार-तंबोरे घडवले. २०२४मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. एका दुकानात म्हातारे चाचा तंबोऱ्याची घोडी, म्हणजे त्याचा ब्रिज, घासत बसले होते. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, तार छेडली, कान लावला.

"जवारी बरी आहे की!"

"ती काढायची आहे, चाचा."

"काढायला इथं कुणी येत नाही. लावायला येतात."

तंबोऱ्याच्या घोडीवर तार रुंद, किंचित उतरत्या पाठीला घासत जाते, त्यातूनच जवारीचा झंकार येतो. गिटारीत उलटं: तारेने एका धारेवरून सुटायचं आणि मध्ये कुठे टेकायचं नाही. त्यांना ते सांगावं लागलं नाही. पोलादी पट्टी एकेका पडद्यावर (ते फ्रेट म्हणत नाहीत) ठेवून कोणता उंच ते त्यांनी खडूने खुणावलं, चार पडदे घासले. प्लॅस्टिकचा नट काढून फेकला आणि हाडाचं तारगहन बसवलं. सहाही खाचा नजरेने पाडल्या, माप न घेता. मी नंतर व्हर्नियर लावला आणि गप्प बसलो.

वायरिंग एका संध्याकाळचं. जुन्या रेडिओतला ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ब्रिजला अर्थची वायर. एकच गुंडाळी असल्याने आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घूं थोडी राहतेच, तारांना हात लावला की कमी होते.

काकांना आधी सांगितलं नव्हतं. गिटार मांडीवर दिली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बांबूच्या काड्यांवरून बोट फिरवलं. मग न फिरणारी ती खुंटी पिळून पाहिली. "ही बदल." मग सुरात लावायला लागले, वीस मिनिटं तेच. गाणं-बिणं काही नाही. मध्येच व्हॉल्यूमचं बटण फिरवलं आणि थांबले.

"उजवीकडं नेलं की गप होतंय रे हे."

दोन टोकांच्या वायरी मी अदलाबदल करून जोडल्या होत्या. मी सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं. तोवर काकांनी बटण डावीकडे पूर्ण नेलं आणि परत जाड तार छेडली.