कूबर पेडी : पर्यटन आणि पाण्याचा खर्च

दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी येथे १९१५ साली ओपल हे मौल्यवान रत्न सापडले आणि ॲडलेडपासून सुमारे ८५० किलोमीटर दूर, वाळवंटात एक गाव उभे राहिले. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडत असल्याने येथील अनेक कुटुंबे टेकड्या कोरून केलेल्या घरांत राहतात. जमिनीखालील चर्च, हॉटेले आणि जुन्या खाणी पाहण्यासाठीच पर्यटक एवढ्या दूर येतात.

परंतु आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पाणी लागते, आणि येथे ते भूगर्भातून उपसून क्षारमुक्त करावे लागते. अशा खर्चिक सेवांचा भार मोजक्या करदात्यांच्या बळावर पेलणे लहान पालिकेला किती कठीण असते, हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले, कारण आर्थिक अडचणींमुळे राज्य सरकारला तिचा कारभार प्रशासकाकडे सोपवावा लागला. म्हणूनच नव्या आकर्षणांची घोषणा करण्यापूर्वी पाणी आणि वीज यांच्या खर्चातील काही वाटा पर्यटनाच्या उत्पन्नातून उचलला जावा, असे मला मनापासून वाटते. गावाजवळच्या कांकू-ब्रेकअवेज उद्यानाच्या व्यवस्थापनात तेथील आदिवासी समाजाला स्थान आहे, ही मात्र अतिशय आश्वासक बाब आहे.