पद्धत पारखायची ती ट्रेनर घरी गेल्यावर

विदर्भातल्या गावात राहून कुत्रे शिकवण्याचं काम करायचं मनात असेल, तर पट्टे आणि क्लिकर (दाबलं की टक् आवाज करणारी डबी) घेण्याआधी आपला कुत्रा राहतो कुठे ते बघा. तो वावरात राहतो. त्याला भाकर टाकतो सालगडी, आणि रात्री रोही (नीलगाय) किंवा रानडुकरामागे तो एकटाच धावतो. ट्रेनर त्याच्याजवळ असतो आठवड्यातून दोन-तीन तास. म्हणून कोणत्याही पद्धतीला माझा पहिला प्रश्न हाच: हे सालगड्याला जमेल का? आणि दिवसभर राबून चिडलेल्या माणसाच्या हातात ती गेली तर कुत्र्याचं काय होईल?

प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ पाहताना आवाज बंद करा आणि माणसाकडे बघूच नका. झोप नसताना दिलेली जांभई, समोर खायला काही नसताना नाकावरून फिरवलेली जीभ, एक पंजा उचलून थबकणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर, पोटाखाली दाबलेली शेपटी, ही ताणाची लक्षणं. धाप उन्हानेही लागते, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारच्या चित्रणात धापेवरून काही ठरवू नका. मान खाली घालून गप्प बसलेला कुत्रा पाहून लोक ‘किती शहाणा झाला’ म्हणतात. मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि मायर यांच्या 1967 च्या प्रयोगात, आधी सुटका नसलेले विजेचे झटके सोसलेले अनेक कुत्रे नंतर वाट मोकळी असतानाही पडून राहिले. तसला शहाणपणा गिऱ्हाइकाला विकू नका.

‘मालक कोण ते त्याला दाखव’ हा सल्ला तर सगळीकडे मिळतो. त्याच्याआधी जेव, दारातून आधी तू निघ, उलटा पाडून दाबून धर. याचं मूळ लांडग्यांच्या जुन्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये जे लिहिलं, ते पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून. रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिलेल्या डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये मांडलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. घरचंच कुटुंब ते, तिथे गादीसाठी मारामाऱ्या कशाला? उलटा पाडलेला कुत्रा एवढंच शिकतो की हा माणूस वाकला की धोका. पुढच्या वेळी तो पळतो, नाहीतर चावतो, आणि वाकलेल्या माणसाचं तोंड त्याच्या जबड्याजवळच असतं.

‘वावराला झटका मशीन चालते, मग कुत्र्याला झटक्याचा पट्टा का नको?’ हा प्रश्न आपल्याकडे येणारच, आणि प्रश्न चांगला आहे. कुंपणाची तार एका जागी असते. डुकराचं नाक लागलं की त्याच क्षणी झटका, दर वेळी झटका, मागे सरकलं की बंद. जनावराला जागा कळते. पट्ट्याचं बटण मात्र माणसाच्या बोटाखाली असतं. कुत्रा बकरीमागे धावतोय, तुम्ही बटण दाबलं, आणि नेमकी त्याची नजर शाळेतून येणाऱ्या पोरावर पडली, तर दुखणं त्या पोराच्या नावावर लागतं. पोराला पाहून तो गुरगुरू लागतो आणि कारण कोणालाच उमगत नाही. शिवाय दहापैकी चार वेळा धावणं खपून गेलं, तर सवय सुटत नाही, मग झटका वाढवत न्यावा लागतो. वेल्समध्ये हे पट्टे 2010 पासून बंद आहेत. मारहाण आपल्याकडेही 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. आखूड, जड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणंही त्याच कलमात येतं.

गुरगुरल्याबद्दल मारणाऱ्या पद्धतीला जागच्या जागी नकार द्या. गुरगुरणं ही पूर्वसूचना आहे. ती मारून बंद केली की भीती आत तशीच राहते आणि कुत्रा न सांगता चावतो. कधी न चावणारा कुत्रा अचानक चावू लागला, तर आधी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या; कानात पिकलेलं असतं, पायात काटा मोडलेला असतो.

खाऊ देऊन शिकवतात म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. ही पद्धत माझ्या पसंतीची आहे, पण वेळ चुकली की ती बिघडते. कुत्रा बसल्यापासून सेकंदाच्या आत ‘हां’ किंवा क्लिकची खूण गेली पाहिजे आणि लगेच खाऊ. खिशातली पिशवी सोडवेपर्यंत तो उठलेला असतो, म्हणजे बक्षीस उठण्याला मिळालं. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. रोज भाकर खाणाऱ्या कुत्र्याला वावरात भाकरीचं काय कौतुक? उकडलेली कलेजी किंवा अंडं घ्या, आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करा. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट अजिबात नको. एक बैठक तीन ते पाच मिनिटांची. सुरुवातीला मिनिटाला आठ-दहा बक्षिसं जात नसतील, तर पायरी मोठी झाली आहे, ती निम्मी करा. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढे जा, पाचाच्या खाली घसरलं की मागे या. हातातला खाऊ दाखवून बोलावणं पाच-सात वेळांतच थांबवा. नाहीतर रिकामा हात दिसला की कुत्रा येणार नाही, आणि दोष पद्धतीला लागेल.

स्वतःचा हात पारखायला अंगणातली कोंबडी घ्या. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी कोंबड्यांना नाना करामती शिकवल्या. पुढे मॅरियन आणि बॉब बेली ट्रेनर लोकांना कोंबड्यांवरच सराव करायला लावत. कोंबडीला दाबता येत नाही, दरडावलं की ती निघून जाते. फळीवर एक लाल झाकण चिकटवा, वाटीत ज्वारी घ्या. दाणे टाकण्याआधी, ती भुकेली असताना, एकेक मिनिटाच्या फेऱ्या करा. झाकणाकडे मान वळली की जिभेने टक् करा आणि वाटी दोन टोचांपुरती पुढे धरा. मग एका पावलाला, मग झाकणावर चोच मारण्याला. टक् उशिरा झाली तर कोंबडी चोच मारायचं सोडून मान वर करायला शिकेल. चूक कोणाची, ते लगेच दिसतं.

पिल्लाच्या बाबतीत पद्धतीइतकंच वय बघा. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात त्याने ढोरं, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, पोळ्याचा बाजा, अनोळखी माणसं हे सगळं दुरून आणि न घाबरता पाहिलेलं असावं. तो काळ गोठ्यात खुंट्याला गेला, तर नंतरची मेहनत कितीतरी पट वाढते.

शिकवणं संपल्यावर तीन आठवड्यांनी परत जा. वापरलेला पट्टा, दोर, खाऊची पिशवी बाजूला ठेवायला सांगा. दहा हाका मोजा: पाच दिवसा धुऱ्यावर, पाच अंधार पडल्यावर. हाक सालगड्याने मारायची आणि तुम्ही वारा कुत्र्याकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला, बैलबंडीआड बसायचं, कारण तुमचा वास लागला तर कुत्रा तुमच्यासाठी येतो. आठ हाकांना मोकळी शेपटी हलवत आला, तर पद्धत त्या घरात रुजली. तीनच हाकांना आला, किंवा पोट जमिनीला घासत आला, तर जास्तीचे पैसे न घेता पहिल्या पायरीपासून पुन्हा शिकवा, या वेळी दहा मीटरचा दोर सालगड्याच्या हातात देऊन.