थोरला मनोरा, धाकटा मनोरा

पोलंडमधल्या क्राकोच्या मुख्य चौकात जुनी कापडबाजाराची इमारत आहे. तिच्या एका कमानीत लोखंडी सुरी लटकवलेली आहे. भाची तिथं नोकरीला असते, तिनं बोट दाखवलं. "मावशी, ह्याच सुरीनं थोरल्यानं धाकट्याला मारलं."

गोष्ट समोरच्या सेंट मेरी चर्चची. लाल विटांचं, गॉथिक म्हणजे उंच, टोकदार कमानींच्या जुन्या युरोपी बांधणीचं, आणि दोन मनोरे एकसारखे नाहीत. एक ८२ मीटर, दुसरा ६९. दोघे भाऊ एकेक मनोरा बांधत होते म्हणे. थोरल्याचा आधी झाला, पण धाकटा वरचढ ठरेल या धास्तीनं त्यानं भावाला संपवलं आणि मग पस्तावून आपल्याच मनोऱ्यावरून उडी टाकली. आमच्याकडं भाऊबंदकी बांधावरून होते, तिथं मनोऱ्यावरून! जाणकार मात्र सांगतात की ती सुरी म्हणजे शहराच्या कायद्याची खूण होती, चोरी केलीस तर कान जाईल एवढीच. आणि उंच मनोरा पहाऱ्याचा होता, आग नि शत्रू लांबून दिसावा म्हणून. घंटा ठेंगण्या मनोऱ्यात आहेत.

त्या उंच मनोऱ्यावरून आजही दर तासाला, रात्रीसुद्धा, अग्निशमन दलाचा जवान कर्णा वाजवतो. चार दिशांना चार वेळा. आणि दर वेळी सूर मधेच तुटतो. का, तर १२४१ साली तातारांची, म्हणजे मंगोल टोळ्यांची धाड आली, पहारेकऱ्यानं कर्णा फुंकून गाव जागं केलं आणि तेवढ्यात त्याच्या गळ्यात बाण घुसला. ऐकताना अंगावर काटा येतो. पण आजचं चर्च उभं राहिलं चौदाव्या शतकात. त्या धाडीत पडलं ते आधीचं. बाणाची गोष्ट जगभर पोचली ती १९२८ साली एका अमेरिकन लेखकानं मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून.

भाची म्हणाली, "म्हणजे सगळं खोटंच की." मी म्हटलं, थांब. औंढ्याला नागनाथाचा नंदी देवळाच्या पाठीमागं आहे की नाही? नामदेवांना कीर्तनाला मागं घालवलं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं, हे आपण हिंगोलीकर लहानपणापासून ऐकतो. नंदी जागेवर असता तर ही गोष्ट सांगायला कुणाला सुचली असती? मनोरे सारखे असते तर भाऊ कुठून आले असते? यावर ती काही बोलली नाही, कॉफी आणायला गेली.

मला विचाराल तर खरं बघण्यासारखं आत आहे. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या फाइट श्टॉस या मूर्तिकारानं १४७७ ते १४८९ एवढी वर्षं खपून कोरलेली लाकडी वेदी, म्हणजे चर्चच्या पूजास्थानामागचा मूर्तींचा भला मोठा देखावा. मधोमध येशूच्या आईचा, मेरीचा अंतकाळ. ती गुडघ्यांवर कोसळतीय आणि येशूच्या शिष्यांनी तिला सावरून धरलंय. म्हाताऱ्या शिष्यांच्या हातावरच्या शिरा बघा, आमच्या गल्लीतल्या आजोबांचेच हात. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ही वेदी उचलून न्यूरेंबर्गला नेली होती, १९४६ साली ती पोलंडला परत आली. वर निळं, चांदण्यांचं छत आहे, पण माझी मान तिकडं वळलीच नाही.

वेदीचे दारांसारखे पंख दुपारी बाराच्या थोडं आधी उघडतात. बाहेर बाराचा कर्णा ऐकायला गर्दी जमते, तेव्हा तुम्ही तिकीट काढून आत जा. कर्णा काय, एक वाजता पुन्हा वाजतोच.